एनएस-२ कंपाइल होत नाही? आधी पहिला एरर शोधा

टर्मिनलवर दहा-पंधरा मिनिटं अक्षरांचा पाऊस पडतो, लॅपटॉपचा पंखा घरघरतो आणि शेवटी एकच ओळ उरते: ‘एनएस मेक फेल्ड!’ विद्यार्थी ती ओळ उचलून गूगलमध्ये टाकतो. समोर येतात ती वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या यंत्रांवरची उत्तरं. त्यातली बरीचशी त्याच्या दुखण्याची नसतातच. तरी तो एकामागून एक करून बघतो आणि संध्याकाळपर्यंत मूळ दुखणं राहतं बाजूला, नवीन तीन जडतात.

एनएस-२ आणि एनएस-३ ही संगणकांच्या जाळ्याची नक्कल करणारी सॉफ्टवेअर. ओपनफोम हवापाण्याच्या प्रवाहाची नक्कल करतं, ग्रोमॅक्स रेणूंच्या हालचालींची. चारही मुक्त आहेत, म्हणजे त्यांचा सोर्स कोड कुणालाही मिळतो. पण तो कोड आपल्या यंत्रावर कंपाइल करायला बसलं की भल्याभल्यांची दमछाक होते. २०२४-२५ मध्ये कंपायलर आणि बिल्डची, म्हणजे कोडपासून अख्खा प्रोग्रॅम बांधण्याची, हत्यारं आणखी कडक झाल्यापासून तर जास्तच. इथे मुख्य उदाहरण एनएस-२ चं घेतलंय, कारण ते जुनं आहे, नेटवर्किंगच्या प्रयोगांत आणि प्रोजेक्टांत अजून वापरलं जातं आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जातीचा एरर भेटतो.

(कमांड, फाइलींची नावं आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच ते रोमन लिपीत टाइप करायचे.)

कंपाइल होताना नेमकं काय होतं

माणसाला वाचता येणारा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणं म्हणजे कंपाइल करणं. ते एका दमात होत नाही. आधी ‘कॉन्फिगर’ ही पायरी तुमच्या यंत्रावर काय काय आहे ते चाचपते. मग कंपायलर एकेक फाइल सुटी सुटी घेऊन तिचा यंत्रभाषेतला तुकडा बनवतो; त्याला ऑब्जेक्ट फाइल म्हणतात, तिच्या नावाला ‘.ओ’ हे शेपूट असतं. शेवटी लिंकर हे सगळे तुकडे आणि बाहेरच्या लायब्ररी एकत्र जोडतो.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तयार करून ठेवलेला कोड. तिचे दोन भाग असतात आणि निम्मा गोंधळ या दोन भागांचाच असतो. खानावळ डोळ्यांसमोर आणा. दर्शनी भागात मेनूकार्ड, आत मुदपाकखाना. हेडर फाइल हे मेनूकार्ड: काय मिळतं, कोणत्या नावानं मागायचं, एवढंच त्यावर लिहिलेलं. प्रत्यक्ष पदार्थ करणारी लायब्ररीची फाइल हा मुदपाकखाना. कंपायलर फक्त मेनूकार्ड बघून ऑर्डर लिहून घेतो. लिंकर ती आत नेतो.

त्यामुळे मेनूकार्डच नसेल तर तक्रार कंपाइलच्या वेळी येते: ‘फेटल एरर: एक्स११/एक्सलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. मेनूकार्ड आहे पण आत आचारी नाही, असं असेल तर तक्रार उशिरा, जोडणीच्या वेळी येते: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ अमुकतमुक. हे दोन एरर वेगळ्या पायरीचे आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आल्यावर हेडर शोधत बसणं म्हणजे पदार्थ आला नाही म्हणून मेनूकार्ड पुन्हा वाचणं.

‘एरर १’ हा क्रमांक नव्हे

मेक हा बिल्डचा मुकादम. कोणती फाइल आधी, कोणती नंतर, हे तो बघतो; स्वतः काहीच कंपाइल करत नाही. एखादं काम फसलं की तो जाहीर करतो: ‘मेक: *** [लिंकस्टेट/एलएस.ओ] एरर १’. यातल्या १ चा अर्थ एवढाच की ज्याला काम दिलं होतं तो अपयश कळवून परतला. काय बिघडलं ते मुकादमाला ठाऊक नसतं. म्हणून ‘एरर १’ शोधून काही हाती लागत नाही. त्या ओळीतली उपयोगाची गोष्ट एकच, कंसातलं फाइलचं नाव.

खरं कारण त्याच्या वर असतं, कधी दोन ओळी वर, कधी दोनशे. मेक ‘-जे’ लावून चालवलं असेल, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं सुरू असतील, तर एकाचा एरर दुसऱ्याच्या मजकुरात मिसळतो आणि बाकीची कामं संपेपर्यंत वर सरकत जातो. अशा वेळी ‘-जे’ काढून नुसतं मेक पुन्हा चालवायचं. झालेल्या फाइली ते पुन्हा करत नाही, थेट अडलेल्या जागी येऊन थांबतं.

आणि सगळं एका फाइलीत साठवायची सवय लावून घ्यावी: मेक २>&१ | टी बिल्ड.लॉग. ‘२>&१’ नसेल तर एरर पडद्यावर दिसतात, फाइलीत जात नाहीत. मग ओळी शोधून देणारी कमांड: ग्रेप -एन ‘एरर:’ बिल्ड.लॉग | हेड. एररपुढचा विसर्ग, म्हणजे कोलन, मुद्दाम घातलाय. नाहीतर ‘-डब्ल्यूएरर’ असे पर्याय असलेली प्रत्येक ओळ जाळ्यात येते. यादीतला पहिला एरर घ्यायचा, बाकीच्यांकडे बघायचंही नाही. एक अर्धविराम चुकला की त्याच्याखाली चाळीस एरर उभे राहतात आणि पहिला गेला की ते आपोआप जातात.

लिंकर मात्र अपवाद. तिथे ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ ही ओळ शेवटी येते आणि तीही मुकादमीच. खरा मजकूर, म्हणजे कोणतं नाव सापडलं नाही ते, तिच्या वरच्या ओळींत असतो.

एक एरर जवळून: एलएस.एच, ओळ १३७

एनएस-ऑलइनवन-२.३५ हा संच ४ नोव्हेंबर २०११ रोजी आला. त्यात टीसीएल, टीके, ओटीसीएल, टीसीएलसीएल, एनएस, नॅम आणि एक्सग्राफ हे सगळं एकत्र असतं आणि इन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट ते एकापाठोपाठ बांधत जाते. नव्या उबुंटूवर (हा लिनक्सचा एक प्रकार) ती पहिल्यांदा चालवली की पहिली ठेच बहुधा टीकेला लागते. टीकेला पडद्यावर खिडक्या काढायच्या असतात आणि लिनक्सवर त्या दाखवणाऱ्या एक्स११ चं मेनूकार्ड यंत्रावर नसतं. बिल्ड-इसेन्शियल, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, एक्सऑर्ग-डेव्ह आणि लिबएक्सएमयू-डेव्ह ही पॅकेजं आधीच टाकली तर ही ठेच टळते.

दुसरी ठेच एनएसच्या पोटातली, आणि ती कुणालाच चुकत नाही:

‘लिंकस्टेट/एलएस.एच:१३७: एरर: इरेज वॉज नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप...’

ही ओळ तुकड्या-तुकड्यानं वाचायची. आधी फाइल, मग ओळ क्रमांक, त्यानंतर स्तंभाचा एक आकडा येतो तो कंपायलरप्रमाणे बदलतो, मग तक्रार. तक्रार अशी, की ‘इरेज’ नावाचं काही मला माहीत नाही. पण कोड तर वर्षानुवर्षं चालत होता!

चालत होता, कारण कंपायलर समजून घेत होता. एकत्र कुटुंबात कुणी नुसतं ‘दादाला बोलवा’ म्हटलं की जुना माणूस इकडे नाहीतर काकांच्या घरात बघून कुणालातरी घेऊन यायचा. नवा माणूस विचारतो, कुणाच्या दादाला? सी++ मध्ये टेम्प्लेट म्हणजे रिकाम्या जागा ठेवलेला साचा. या फाइलीतला साचा ज्या मूळ वर्गावरून बेतलाय तो वर्गही रिकाम्या जागेवर अवलंबून आहे. भाषेचा नियम सांगतो की अशा वेळी नुसत्या नावाचा शोध मूळ वर्गात घ्यायचा नाही. जीसीसी कंपायलर हा नियम आधी सैल पाळायचा. २२ मार्च २०१२ ला आलेल्या ४.७ आवृत्तीपासून काटेकोर पाळू लागला. एनएस-२.३५ येऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. त्यानंतर २.३६ आलीच नाही, म्हणून ही एक ओळ तेव्हापासून प्रत्येकाला हातानं दुरुस्त करावी लागते.

दुरुस्ती कुठे दिली आहे? त्याच संदेशात, दोन-तीन ओळी खाली. तिथे ‘नोट:’ असं लिहून कंपायलर स्वतःच सांगतो, ‘यूज धिस->इरेज इन्स्टेड’. एलएस.एच उघडायची, १३७व्या ओळीवर ‘इरेज’च्या आधी ‘धिस->’ लिहायचं, सेव्ह करायचं. म्हणजे ‘आमच्याच दादाला’. पुन्हा पूर्ण इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवायचीही गरज नाही. अडलेला भाग एनएसचा आहे, म्हणून एनएस-२.३५ या फोल्डरमध्ये जाऊन मेक चालवलं की तिथूनच पुढे जातं. नॅम आणि एक्सग्राफ मग त्यांच्या-त्यांच्या फोल्डरमध्ये. कंपायलर फार नवा असेल तर पुढे अजून एक-दोन फाइली अडतात, पण वाचायची रीत हीच: फाइल, ओळ, तक्रार, नोट. नोट न वाचता गूगलकडे पळणाऱ्यांची संख्या बघता जीसीसीच्या मंडळींनी ती लाल रंगात छापायला हवी होती.

कोडला हात लावला नाही, तरी आज का बिघडला?

कोड तोच असतो, आजूबाजूची हत्यारं बदलतात. म्हणून कुठल्याही एररपाशी बसण्याआधी दोन तारखा बघाव्यात: सॉफ्टवेअरची ही आवृत्ती कधी आली आणि आपला कंपायलर कधीचा आहे. जीसीसी --व्हर्जन विचारलं की दुसरीचा अंदाज येतो. कंपायलर कोडपेक्षा दहा वर्षांनी तरुण असेल तर भांडण होणारच.

मे २०२४ मधला जीसीसी १४ घ्या. जुन्या सी भाषेत एखादं फंक्शन आधी न सांगता वापरलं, तर कंपायलर ‘पूर्णांक परत देत असेल’ असं धरून चालायचा आणि नुसती वॉर्निंग द्यायचा. आता तो सरळ एरर देतो. कोडमध्ये हे दिसलं तर निदान कळतं तरी. खरा घोळ कॉन्फिगरच्या पायरीवर होतो. कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादी गोष्ट यंत्रावर आहे का हे बघायला चिमुकला चाचणी-प्रोग्रॅम कंपाइल करते. ते चाचणी-प्रोग्रॅम नव्वदीतल्या शैलीत लिहिलेले असतील तर कंपायलर ते नाकारतो आणि स्क्रिप्ट समजते की ती गोष्टच यंत्रावर नाही. पॅकेज डोळ्यांसमोर असतं आणि स्क्रिप्ट ‘नाही’ म्हणते. अशा वेळी त्याच फोल्डरमधली कॉन्फिग.लॉग ही फाइल उघडायची. प्रत्येक चाचणीला कंपायलरनं खरं उत्तर काय दिलं ते तिथे शब्दशः असतं. सीफ्लॅग्ज मध्ये, म्हणजे कंपायलरला द्यायच्या पर्यायांत, ‘-एसटीडी=जीएनयू८९’ देऊन कॉन्फिगर पुन्हा चालवलं की बऱ्याच स्क्रिप्टा ताळ्यावर येतात.

सीमेक हे कॉन्फिगरसारखं बिल्डची तयारी करणारं हत्यार. त्याचं ४.० मार्च २०२५ मध्ये आलं आणि ३.५ पेक्षा जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेले प्रकल्प त्यानं दारातूनच परत पाठवले. संदेश स्वच्छ असतो: ‘कम्पॅटिबिलिटी विथ सीमेक < ३.५ हॅज बीन रिमूव्ह्ड’. ‘-डीसीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५’ हा पर्याय देऊन तात्पुरतं काम भागतं.

पायथनचाही हात असतो. एनएस-३ पूर्वी वॅफ नावाच्या पायथनमधल्या बिल्डच्या हत्यारावर चालायचं. २०२२ मधल्या ३.३६ पासून ते सीमेकवर गेलं आणि ‘./वॅफ’ च्या जागी ‘./एनएस३’ आलं. जुना एनएस-३ उबुंटू २४.०४ वर उघडला तर ‘नो मॉड्यूल नेम्ड इम्प’ हा एरर येतो, कारण त्यातला पायथन ३.१२ आहे आणि ३.१२ मधून ते मॉड्यूल काढून टाकलंय. यात एनएस-३ चा एकही अक्षर कोड चुकलेला नाही. कंपायलरपर्यंत गाडी पोचलेलीच नाही.

जुन्या एनएस-३ ची आणखी एक खोड म्हणजे ‘-डब्ल्यूएरर’, वॉर्निंगलाही एरर समजा असा हुकूम. लिहिणाऱ्यांची शिस्त म्हणून तो चांगला. पण नवा कंपायलर नवनव्या गोष्टींवर वॉर्निंग देतो आणि बिल्ड थांबतं. ‘ऑल वॉर्निंग्ज बीइंग ट्रीटेड ॲज एरर्स’ दिसलं तर कॉन्फिगर करताना त्याच्या आधी सीएक्सएक्सफ्लॅग्ज="-वॉल" द्यायचं; नव्या आवृत्त्यांत ‘--डिसेबल-डब्ल्यूएरर’.

“लायब्ररी टाकली आहे हो, तरी सापडत नाही म्हणतो”

टाकली आहे, पण अर्धी. उबुंटू आणि डेबियन मुदपाकखाना एका पॅकेजमध्ये देतात आणि मेनूकार्ड दुसऱ्यात. तयार प्रोग्रॅम चालवायला मेनूकार्ड लागत नाही, म्हणून ते आपोआप येत नाही. कंपाइल करायला नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असलेलं पॅकेज लागतं. कोणती हेडर फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे हे एपीटी-फाइल सर्च सांगतं. तेच टाइप करून विचारावं, अंदाजानं वीस पॅकेजं टाकत बसू नये. लिंकर ‘कॅनॉट फाइंड -एलएक्स११’ म्हणाला तर ‘-एल’ काढून उरलेलं नाव शोधायचं: लिबएक्स११-डेव्ह.

‘-डेव्ह’ टाकूनही तेच रडगाणं चालू असेल तर सीमेकची आठवण तपासायची. एकदा ‘सापडलं नाही’ असं लिहून ठेवलं की सीमेक ते सीमेककॅश.टीएक्सटी या फाइलीत जपून ठेवतं आणि काही चाचण्यांना पुढच्या वेळीही तिथलंच उत्तर देतं. ग्रोमॅक्ससारख्या प्रकल्पात सोर्सच्या बाहेर बिल्ड नावाचा वेगळा फोल्डर करायचा सल्ला असतो तो यासाठीच: शंका आली की अख्खा फोल्डर पुसून नव्यानं सुरुवात करता येते, सोर्सला धक्का लागत नाही.

ओपनफोमला फाइलींच्या नावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं धरणारी डिस्क हवी असते आणि बिल्डच्या वेळी ते हेडरचे भरमसाट सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे, बनवतं. विंडोजबरोबर सामायिक केलेल्या फोल्डरमध्ये किंवा पेनड्राइव्हवर ते बांधायला घेतलं तर भलतेच एरर येतात. लिनक्सच्या स्वतःच्या होममध्येच बांधायचं, आणि वाटेतल्या कुठल्याही फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. ‘डब्ल्यूमेक: कमांड नॉट फाउंड’ आलं तर बिघाड कोणताच नाही, त्या टर्मिनलमध्ये ओपनफोमची ईटीसी/बॅशआरसी ही फाइल सोर्स कमांडनं वाचून घ्यायची राहिलीय.

‘किल्ड’: कोडचा दोष नसलेला एरर

‘फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’. इथे कोडमध्ये शोधण्यासारखं काहीही नसतं. मेमरी संपली आणि लिनक्सनं कंपायलरला मारलं. टेम्प्लेटनं भरलेली सी++ फाइल कंपाइल करताना एकट्या कामाला एक जीबीच्या वर सहज लागतं. चार जीबीच्या व्हर्च्युअल मशीनवर ‘मेक -जे८’ दिलं की निकाल ठरलेला. व्यवहारी हिशेब असा की दर कामामागे दोन जीबी धरायचे: चार जीबीला -जे२, आठला -जे४. डीमेसगच्या शेवटच्या ओळींत ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं की खात्री पटते. एवढ्यानं भागलं नाही तर चार जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे डिस्कवरची उसनी मेमरी: एफॲलोकेट -एल ४जी /स्वॅपफाइल, सीएचमॉड ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, याच क्रमानं आणि सुडो (रूटचा, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाचा अधिकार) लावून. बिल्ड रेंगाळतं, पण मरत नाही.

“त्यापेक्षा जुनाच कंपायलर टाकला तर?”

एनएस-२ पुरतं हे चालतं, पण अर्धवट केलं तर जास्त त्रास देतं. ओटीसीएल जुन्या कंपायलरनं आणि एनएस नव्यानं, असं मिश्रण करायचं नाही. एप्रिल २०१५ मधल्या जीसीसी ५ नं सी++ मधल्या स्ट्रिंगची आतली रचना बदलली. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कंपायलरचे तुकडे जोडले की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो आणि त्या नावात ‘सीएक्सएक्स११’ अशी अक्षरं दिसतात. तीच त्याची खूण. जुनाच काळ हवा असेल तर सगळाच्या सगळा घ्यावा: डॉकरमध्ये (आपल्या यंत्रातच वेगळं बंदिस्त वातावरण देणारं हत्यार) किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू १६.०४ उभं करायचं. एलएस.एच ची ती एक ओळ बदलली की तिथे एनएस-२.३५ उभं राहतं. त्या उबुंटूचा नेहमीचा आधार २०२१ मध्येच संपलाय, म्हणून ते प्रयोगापुरतंच ठेवावं.

‘-एफपरमिसिव्ह’ लावून कंपायलरला गप्प करता येतं हे खरं. इरेजच्या एररशेजारी कंसात तसं लिहिलेलंही असतं. पण ते सगळ्याच फाइलींवरची नजर सैल करतं. एका ओळीची दुरुस्ती समोर असताना ते कशाला?

‘सुडो मेक’ हा उपाय तर मुळीच नव्हे. त्यानं ऑब्जेक्ट फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि नंतर साधं मेक ‘परमिशन डिनाइड’ म्हणून थांबतं. झालं असेल तर सुडो सीएचओन -आर नं मालकी परत घ्यावी.

आणि एवढा खटाटोप करायचाच कशाला? नुसते प्रयोग चालवायचे असतील तर खरंच करू नये. डेबियन-उबुंटूच्या भांडारात एनएस२ नावाचं तयार पॅकेज आहे. ओपनफोम, ग्रोमॅक्सचंही तयार मिळतं. कंपाइल करायची वेळ येते ती आपला प्रोटोकॉल किंवा आपला सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) आत घालायचा असेल तेव्हा.

बिल्ड झालं, पण ‘एनएस: कमांड नॉट फाउंड’

इन्स्टॉल स्क्रिप्ट शेवटी पाथ, एलडी_लायब्ररी_पाथ आणि टीसीएल_लायब्ररी यांत काय घालायचं ते छापते आणि कुणी ते वाचत नाही. ते .बॅशआरसी मध्ये उतरवून नवं टर्मिनल उघडायचं. नुसतं ‘एनएस’ टाइप करून एंटर दाबल्यावर % हे चिन्ह आलं की काम झालं. बाहेर पडायला एक्झिट.

आपला प्रोटोकॉल घालताना .ओ फाइलचं नाव मेकफाइलमध्ये नाही तर मेकफाइल.इन मध्ये ‘ओबीजे_सीसी’च्या यादीत लिहायचं आणि कॉन्फिगर पुन्हा चालवायचं. कॉन्फिगर दर वेळी मेकफाइल नव्यानं लिहितं आणि हातानं केलेले बदल पुसून टाकतं. पॅकेट.एच मध्ये नवा पॅकेटचा प्रकार जोडला असेल तर मेकच्या आधी मेक क्लीन. नाहीतर काही फाइली जुनं मेनूकार्ड वाचून बनलेल्या राहतात, काही नवं. बिल्ड बिनतक्रार पार पडतं आणि सिम्युलेशन पहिल्या पॅकेटलाच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन बंद पडतं.